पित्त म्हणून गेलेले तास

मागे आपण रक्तदाबाबद्दल बोललो होतो, तेव्हा बऱ्याच गटांनी कळवलं होतं की हार्ट अटॅकबद्दलही एकदा सांगा. औषधं आणि पथ्यपाणी डॉक्टर सांगतातच. आम्ही आज थोडं मागं जाऊन सांगणार आहोत. हा आजार माणसाला नीट कळला कधी, त्यावर इलाज सापडला कधी, आणि इलाज सापडूनही माणसं का दगावत राहिली, याची ही हकिगत आहे.

सुरुवात करू अमेरिकेतल्या शिकागो शहरातून. तिथं जेम्स हेरिक नावाचे डॉक्टर होते. १९१२ साली त्यांनी एका रोग्याची हकिगत छापली. पंचावन्न वर्षांचा माणूस, तब्येतीनं चांगला. जेवण झालं आणि तासाभरानं छातीच्या खालच्या बाजूला जोराची कळ आली, मळमळायला लागलं. त्याला वाटलं, खाल्लेलं काहीतरी बाधलं. म्हणून त्यानं घशात बोट घालून उलटी काढली. उलटी झाली, कळ मात्र थांबेना. बावन्न तासांनी तो गेला. नंतर पाहिलं तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकलेली सापडली.

तोपर्यंत डॉक्टरांचीही समजूत अशी की ही नळी बंद झाली की माणूस जागच्या जागी संपतो. हेरिक यांनी दाखवलं की तसं नाही. माणूस तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस जगतो, काही जण तर त्यातून उठतातही. म्हणजे मधे वेळ असतो. पण त्या वेळात करायचं काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, अंथरुणावर पडून राहा. पुढं कित्येक वर्षं जगभर तेवढाच इलाज होता. सहा-सहा आठवडे रोग्याला हलू देत नसत, जेवणाचा घाससुद्धा नर्सनं भरवायचा. त्यात कितीतरी माणसं पडून पडूनच खंगली. पायात गुठळ्या होऊनही गेली. १९५० च्या सुमारास बोस्टनच्या डॉक्टरांनी रोग्याला उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावर टीकाच झाली.

आता हेरिक यांच्या त्या रोग्याला हसू नका. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचंही हेच झालं. आयझेनहॉवर त्यांचं नाव. सुट्टीवर होते, गोल्फ खेळत होते, दुपारी पावातली मांसाची टिक्की कच्च्या कांद्याबरोबर खाल्ली. पोटात गडबड वाटायला लागली, त्यांनी दोष दिला कांद्याला. मध्यरात्रीनंतर छातीत दुखायला लागलं, तर बायकोनं उठून पित्तावरचं पातळ औषध दिलं. मग त्यांचे डॉक्टर आले. सकाळी पत्रकारांना सांगण्यात आलं की साहेबांचं पोट बिघडलंय. दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि मग जगाला कळलं की तो हार्ट अटॅक होता. ज्या माणसाच्या दाराशी डॉक्टर, गाडी, सगळं हजर, त्याचेही इतके तास गेले. ते वाचले ही गोष्ट वेगळी. तेव्हा इलाजच फारसा नव्हता, त्यामुळं लवकर पोचूनही किती फरक पडला असता कोण जाणे. आज तसं नाही, म्हणूनच आम्ही हे सांगत बसलोय.

झटक्यात नेमकं काय होतं तेही पाहू. हृदय म्हणजे एक स्नायू. सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या नळ्या बारीक असतात. वय, तंबाखू, मिश्री, साखरेचा आजार, रक्तदाब यांनी त्या आतून खरबरीत होतात, चरबीचा थर बसतो. तो थर कुठंतरी फुटतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरते. पाटात दगड-पालापाचोळा अडकून पुढच्या वाफ्याचं पाणी तुटावं तसंच. वाफा लगेच वाळत नाही, तसा स्नायूही लगेच मरत नाही. साधारण अर्ध्या तासानंतर तो आतल्या बाजूनं मरायला लागतो आणि तिथून बाहेरच्या बाजूला पसरत जातो. सहा तासांत बहुतेक काम आटोपतं. मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. माणूस वाचला तरी हृदय तेवढं अधू राहतं. मग जिना चढला की धाप, पाण्याची कळशी उचलली की धाप. शिवाय या घोटाळ्यात हृदयाचा ताल बिघडतो. ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढं ढकलत नाही. अचानक कोसळून जाणारी माणसं बहुधा यानं जातात, आणि त्यातली पुष्कळशी पहिल्या तासाभरातच.

बिघडलेला ताल विजेच्या धक्क्यानं ताळ्यावर येतो, हे डॉक्टरांना कळलं होतं. म्हणून १९६० नंतर मोठ्या दवाखान्यांत हृदयरोग्यांसाठी वेगळे कक्ष निघाले, चोवीस तास नजर ठेवणारे. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. फिलाडेल्फियाच्या एका दवाखान्यात ठरवलं की डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही, हजर असलेल्या नर्सनंच धक्का द्यायचा. तोवर नर्सनं असलं काम करायचं म्हणजे भलतंच समजलं जाई. रोझ पिनिओ नावाच्या नर्सनं तिथं बाकीच्या नर्सना तयार केलं. हे जे कक्ष आज जगभर आहेत ते नर्सनीच चालवलेत.

पण दवाखान्यात पोचण्याआधीच जी माणसं जातात त्यांचं काय? हा प्रश्न पडला तो आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या एका डॉक्टरला. फ्रँक पँट्रिज. मोठा तिरसट आणि हट्टी माणूस, असं त्याच्याबरोबर काम केलेले सांगतात. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या कैदेत सापडला. ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर कैद्यांना राबवून घेतलं, त्यातून जो जिवंत परतला तो हाडांचा सापळा होऊन. कैदेतल्या उपासमारीनं बेरीबेरी होऊन त्याचं स्वतःचं हृदयही दुखावलं होतं. त्यानं आणि जॉन गेडिस या त्याच्या तरुण सहकाऱ्यानं हिशोब मांडला, की मरणारे मरतात पहिल्या तासात आणि आपला कक्ष त्यांची वाट बघतो पुढच्या बारा तासांत. मग कक्षच रोग्याकडं न्यावा.

जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी एका जुन्या रुग्णवाहिकेत मोटारीच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारं धक्क्याचं यंत्र बसवलं. वजन ७० किलो! म्हणजे भाताचं मोठं पोतंच. फोन आला की डॉक्टर आणि नर्स गाडीत बसून निघायचे. पहिल्या पंधरा महिन्यांत ३१२ रोगी आणले, आणि वाटेत एकही दगावला नाही. हे १९६७ साली छापून आलं तेव्हा लंडनच्या काही डॉक्टरांना ते खरंच वाटेना. अमेरिकेनं मात्र लगेच उचललं. पँट्रिजच्या स्वतःच्या देशात सगळ्या रुग्णवाहिकांत ते यंत्र बसायला १९९० साल उजाडलं. आपल्याकडं पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते तिकडंही लागू आहे.

आता गुठळीकडं येऊ. तिला विरघळवता येईल का? घसा बसवणारे, लहान मुलांना ताप आणणारे जे जंतू असतात, त्यांच्यातल्या एका जातीत असा रस असतो की त्यानं गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होतं. हे विल्यम टिलेट या अमेरिकन डॉक्टरला १९३३ मध्ये दिसलं. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज हे औषध निघालं. तरी ते झटक्यावर सर्रास द्यायला पन्नास वर्षं लागली, कारण डॉक्टरांमध्येच वाद. गुठळीमुळं झटका येतो, का झटक्यानंतर गुठळी होते? १९८० मध्ये अमेरिकेतल्या डिवूड यांच्या गटानं झटका आल्या आल्या नळ्यांचे फोटो काढले. चार तासांच्या आत आलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांची नळी पूर्ण बंद होती. वाद मिटला.

मग १९८६ साली इटलीतून जो निकाल आला तो आम्हाला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथल्या १७६ हृदयरोग कक्षांनी एकत्र येऊन ११,८०६ रोग्यांवर तपासून पाहिलं. निम्म्यांना गुठळीचं औषध दिलं, निम्म्यांना नाही. आकडे ऐका, पेन्सिल असली तर लिहून घ्या. दुखायला लागल्यापासून तासाभराच्या आत आलेले शंभर रोगी धरा. औषध न मिळालेल्यांतले पंधरा गेले, औषध मिळालेल्यांतले आठ. म्हणजे मरण जवळजवळ निम्म्यावर. तीन ते सहा तासांनी आलेल्यांत चौदा आणि बारा. सहा तासांनंतर आलेल्यांत फरक असा काही उरलाच नाही. औषध तेच, सुई तीच, डॉक्टरही तेच. बदलली ती फक्त रोगी दारात पोचल्याची वेळ.

पुढच्या अभ्यासांत बारा तासांपर्यंतही थोडा फायदा दिसला, तेव्हा सहा तास उलटून गेले म्हणून घरी बसायचं असा अर्थ कुणी काढू नका.

दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, याहून मोठा अभ्यास झाला, १७,१८७ रोग्यांचा. त्यात कळलं की साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी, डोकेदुखीवर घेतात ती, तिनंही मरण कमी होतं. अ‍ॅस्पिरिन आणि गुठळीचं औषध दोन्ही मिळालेल्या शंभरांत आठ गेले, काहीच न मिळालेल्यांत तेरा. या अभ्यासाची एक गंमत आहे. छापणाऱ्यांनी आग्रह धरला की हे बाईला किती लागू, म्हाताऱ्याला किती लागू असं तुकडे पाडून दाखवा. अभ्यासकांनी दाखवलं, आणि जोडीला राशीही मांडल्या! मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना गोळीचा उपयोग दिसेना. त्यांना एवढंच सांगायचं होतं की आकड्यांचे फार बारीक तुकडे पाडले की असला वेडगळपणा निघतो. तेव्हा तुमची रास तूळ असली तरी गोळी लागू पडते.

नळी फुग्यानं उघडायची पद्धत, आपण अँजिओप्लास्टी म्हणतो ती, स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला आंद्रियास ग्रुंट्झिग या डॉक्टरनं १९७७ मध्ये पहिल्यांदा माणसावर केली. ते बारीक फुगे त्यानं आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते. बायको आणि कामातले सहकारी हाताशी असायचे. आज मोठ्या शहरांत झटक्यावर पहिला इलाज हाच. पण त्यासाठी लागणारी जागा आपल्या तालुक्याला नसते, त्याबद्दल पुढं बोलू.

या सगळ्या गोष्टीत बाई कुठं आहे, असं तुमच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं. १९६४ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यात बायकांसाठी हृदयरोगावर पहिली मोठी परिषद भरली. भरवली तिथल्या हृदयरोगाच्या मोठ्या संस्थेनं. विषय काय, तर नवऱ्याचं हृदय कसं सांभाळावं! त्याच्या ताटात काय वाढावं, त्याला त्रास कसा देऊ नये. आलेल्या बायकांनाही हृदय असतं हे कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. अ‍ॅस्पिरिननं झटका टळतो का, हे बघणारा एक मोठा अमेरिकन अभ्यास १९८९ मध्ये पुरा झाला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष.

१९९१ मध्ये बर्नाडिन हीली या हृदयरोगाच्या डॉक्टरीण बाईंनी याला नाव दिलं. त्याच वर्षी त्या अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या प्रमुख झाल्या होत्या, त्या जागेवरची पहिली बाई. त्यांनी एका ज्यू कथेतल्या येंट्ल या मुलीचं नाव घेतलं. शिकायला मिळावं म्हणून ती पुरुषाचा वेश घेते. हीली म्हणाल्या, आमच्या दवाखान्यात बाईचं तसंच आहे. तिला पुरुषासारखाच झटका येऊन गेला आणि तो कागदावर सिद्ध झाला, की मग तिला पुरुषासारखा इलाज मिळतो. त्याआधी तिचं दुखणं म्हणजे मनाचं, नाहीतर पोटाचं. त्याच अंकात छापलेल्या दोन अभ्यासांत दिसलं होतं की छातीत तितकंच दुखत असूनही बायकांना पुढच्या तपासणीला कमी पाठवलं जात होतं.

हे वाचून आम्ही गटांच्या बैठकांत विचारत गेलो, की छातीत दुखलं तर तुम्ही काय कराल. उत्तरं तुम्हाला पाठ असतील. ओवा चावून बघू. खायचा सोडा घेऊ. पाठीला तेल लावून शेकू. धारा काढून झाल्या की पडू जरा. मालक येऊ देत, मग ठरवू. एक आजी म्हणाल्या, "रातीचं कुणाला उठवायचं? सकाळच्या यष्टीनं जाऊ." आम्ही तिथंच विचारलं की आजी, मालकांच्या छातीत दुखलं तर? त्या हसल्या. म्हणाल्या, "मग गाडी करू की!"

बाईला झटका येतो तेव्हाही छातीत दुखणं हेच सगळ्यात जास्त आढळतं. दगड ठेवल्यासारखं, आवळल्यासारखं. पण त्याच्या जोडीनं, कधी कधी त्याच्याशिवायही, पुरुषांपेक्षा बायकांत इतर गोष्टी जास्त दिसतात. धाप लागणं. दोन्ही खांद्यांच्या मधे, जबड्यात, मानेत, हातात दुखणं. मळमळ, उलटी. गार घाम. एकाएकी गळून गेल्यासारखं होणं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना तर कधी दुखतच नाही, नुसती धाप आणि घाम. आता यातलं पित्त कुठलं आणि हृदय कुठलं, हे घरात बसून हेरिक यांच्या रोग्याला कळलं नाही, राष्ट्राध्यक्षांना कळलं नाही. तुम्हाला-आम्हाला कसं कळणार? ते कळतं ईसीजीत. आणि पहिला ईसीजी चांगला आला पण त्रास थांबत नाही, तर थोड्या वेळानं पुन्हा काढायला सांगायचं. हे सांगायला लाजू नका.

आपल्या देशाचा आकडाही आहे. २००१ ते २००५ या काळात देशभरातल्या ८९ दवाखान्यांत वीस हजारांवर रोग्यांची नोंद झाली, आणि २००८ मध्ये ती छापली गेली. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत गेलेला वेळ मांडला, तर मधला आकडा ३६० मिनिटांचा आला. म्हणजे सहा तास. इटलीच्या अभ्यासात जिथून औषधाचा गुण दिसेनासा झाला, बरोब्बर तिथं आपली निम्मी माणसं दारात येत होती. त्याच नोंदीत गरिबांतले शंभरांत आठ महिन्याभरात दगावले, श्रीमंतांतले साडेपाच. मिळालेला इलाज जमेस धरून हिशोब केला तेव्हा हा फरक नाहीसा झाला. गरिबांचं हृदय वेगळं नव्हतं, त्यांना इलाज कमी मिळाला होता. शिवाय आपल्या भागातल्या देशांत पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासातून पुढं आलंय. तेव्हा "अजून कुठं वय झालंय" हेही आपल्याला परवडणारं नाही.

पँट्रिजची गाडी आपल्याकडं आली ती २०१४ मध्ये. महाराष्ट्रात १०८ नंबरची सेवा सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. फोनला आणि गाडीला पैसे पडत नाहीत. गाडी यायला कुठं वेळ लागतो, कुठं ती घाटात अडकते, हे आम्ही जाणतो. तरी फोन आधी तिथंच करायचा, कारण मोटारसायकलवर मधे बसवून नेलेल्या रोग्याचा ताल वाटेत बिघडला तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. गाडी फारच उशिरा येणार असं कळलं तर मात्र चारचाकीची सोय करून निघायचं. रोग्याला चालवायचं नाही. फोनवरच्या डॉक्टरांना विचारायचं की अ‍ॅस्पिरिन चावून खायला देऊ का. ज्यांना त्या गोळीनं अंगावर उठतं, ज्यांच्या पोटात व्रण आहे, रक्त पडतं, त्यांना ती द्यायची नसते, म्हणून विचारायचं.

आणि थेट मोठ्या शहराकडं धावायचं की जवळच्या दवाखान्यात थांबायचं? अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल, तर आधी जवळ जिथं ईसीजी निघतो आणि गुठळीचं औषध मिळतं तिथं ते घ्यायचं आणि मग पुढं जायचं, ही आज जगभरच्या डॉक्टरांची रीत आहे. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण असा दवाखाना आपल्या भागात नेमका कोणता, हे झटका आलेल्या रात्री शोधायची गोष्ट नाही.

म्हणून या महिन्यात प्रत्येक गटानं दोघींना तालुक्याला पाठवावं. ग्रामीण रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात जाऊन विचारायचं. रात्री ईसीजी निघतो का? गुठळी विरघळवणारं औषध आत्ता कपाटात आहे का? संपलं तर किती दिवसांनी येतं? ते देणारे डॉक्टर रात्री मुक्कामी असतात का? उत्तरं चिठ्ठीवर लिहून केंद्रावर पाठवा किंवा फोनवर सांगा. पुढच्या महिन्यात आम्ही गाववार यादी वाचून दाखवू. ज्या दवाखान्यात औषध नसेल त्याचंही नाव वाचू. गटाच्या बैठकीत हेही ठरवून टाका की तातडीचा पैसा कुठल्या डब्यात असतो, चावी कुणाकडं असते, आणि मालक घरी नसतील तर बाईला गाडीत कोण बसवणार.